आकाशातील धूळ कशी मोजतात?

उन्हाळ्यात परभणीकडे ढग नसतानाही आभाळ पांढुरके दिसते. हवेत तरंगणारे धूळ-धुराचे कण ऊन अडवतात. ते किती अडले, हे मुठीत मावणाऱ्या सूर्यप्रकाशमापकाने कळते. असे उपकरण फोल्झ या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘मायक्रोटॉप्स’ हे त्याचे नवे रूप वापरले आहे.

सूर्यावर नेम धरून ठराविक रंगांचा थेट प्रकाश मोजायचा. वातावरणाबाहेर तो किती असतो, हे ठाऊक असते. सूर्य क्षितिजावर ३० अंश असेल तर किरणांना दुप्पट हवा ओलांडावी लागते. तो हिशेब करून, हवेच्या रेणूंचा वाटा वजा केला की कणांचा आकडा उरतो. तो १ असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाशही कणांतून शेकडा ३७च थेट पार होतो. तांबड्यापेक्षा निळा फार अडला तर कण बारीक, बहुधा धुराचे. दोन्ही सारखेच अडले तर जाड धूळ.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याचे काय? तो कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असेल तर पुष्कळ! ढगातला थेंब अशाच कणाभोवती धरतो. कण फार झाले की तेवढ्याच पाण्याचे असंख्य बारके थेंब होतात. ते सहजी पाऊस होऊन पडत नाहीत. मात्र सूर्याआड ढग आला की हे उपकरण निरुपयोगी, म्हणून बरीचशी मोजणी मृगाआधीच उरकावी लागते.