लाकडाचा पहिला वाडगा

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे कातकाम महाराष्ट्रास परिचित आहे. नवशिक्याचा पहिला वाडगा सुबक होण्यापेक्षा निर्धोकपणे पुरा होणे महत्त्वाचे. शिवणीचा न तडकलेला ठोकळा लेथवर घट्ट बसवावा. हत्याराचा टेकू जवळ आणून ठोकळा हाताने एक फेरा फिरवून पाहावा. तो कोठेही अडकता कामा नये. बाह्या आवळाव्यात, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, गती मंद ठेवावी. गोल पटाशी आधी टेकूवर व मगच लाकडावर टेकवावी. तंतू आडवे असल्याने बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे, आतली काठाकडून मध्याकडे कातावी. त्यामुळे ते उचकटत नाहीत. जाडी यंत्र थांबवूनच मोजावी. बूड न मोजणाऱ्याच्या हाती वाडग्याऐवजी कडे उरते. हा धडा शिक्षकाने प्रथम स्वतः गिरवावा व नंतरच वर्गास द्यावा.