चालण्याकडून धावण्याकडे : स्नायूंच्या दुखण्याचा अर्थ आणि मर्यादा

आरोग्यासाठी नियमित चालणारांची संख्या शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतूनही वाढली आहे. काही महिने चालण्याचा सराव झाला की यांपैकी अनेकांना संथ गतीने धावावे, म्हणजेच जॉगिंग करावे, असे वाटू लागते. दुसरीकडे, पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागत असल्याने, गावोगावचे तरुण-तरुणी पहाटे रस्त्यावर सराव करताना दिसतात. पन्नाशीतील शिक्षक असो वा विशीतील उमेदवार, अडचण दोघांचीही सारखीच असते. पहिल्या पंधरवड्यातच पोटऱ्या व नडग्या दुखू लागतात. मग एकजण धावणे कायमचे सोडतो, तर दुसरा दुखणे अंगावर काढून ऐन चाचणीच्या वेळी जायबंदी होतो. दुखण्याचा अर्थ समजला तर या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

संथ धावण्याची परंपरा

सर्वसामान्य माणसाने आरोग्यासाठी संथ गतीने धावावे, या कल्पनेला न्यूझीलंडमध्ये चालना मिळाली. ऑलिंपिक धावपटूंचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये ऑकलंड येथे अशा धावणारांचा क्लब सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले असता, त्यांच्याहून बरीच वयस्क मंडळी सहज धावत पुढे गेल्याचे त्यांनी अनुभवले. मायदेशी परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने या विषयावर लिहिलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीचे मर्म वेगात नसून संयमात आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले, तर वेग अधिक झाला असे समजावे.

दम आधी वाढतो, पाय मागून तयार होतात

चालताना एक पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना मात्र शरीर क्षणभर अधांतरी असते आणि प्रत्येक पावलागणिक वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. हा भार सोसण्याची तयारी सर्व अवयवांत एकाच वेळी होत नाही. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. स्नायूंना त्याहून थोडा अधिक काळ लागतो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यास मात्र कित्येक महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम पुरू लागतो, उत्साह वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी नडगी किंवा टाच कुरकुरू लागते. सरावाची गती दमावरून नव्हे, तर पायांवरून ठरवावी, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

दुखणे का होते?

सह्याद्रीतील एखादा गड चढताना दम लागतो. परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या प्रामुख्याने गड उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला शरीराचा भार पेलावा लागतो. अशा कामाची सवय नसल्यास स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. धावताना प्रत्येक पाऊल टेकताना हेच घडते. हे दुखणे काही तासांनी सुरू होते, साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. लॅक्टिक आम्ल साचल्याने हे दुखणे होते, ही समजूत बरोबर नाही. ते आम्ल व्यायामानंतर थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते. विशेष म्हणजे, तेच काम काही दिवसांनी पुन्हा केले असता दुखणे कमी होते. शरीराने तो धडा शिकल्याची ही खूण होय.

बारा आठवड्यांचा क्रम

पहिले चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे चालावे. त्यांपैकी शेवटचे दोन आठवडे झपझप चालावे. त्यानंतर धावण्यासाठी आठवड्यातील एकाआड एक असे तीन दिवस निवडावेत. या प्रत्येक दिवशी आरंभी व अखेरीस पाच मिनिटे चालणे आवश्यक आहे. मधल्या वेळेत पाचव्या व सहाव्या आठवड्यात १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे, असे आठ वेळा करावे. सातव्या व आठव्या आठवड्यात २ मिनिटे धावणे व २ मिनिटे चालणे, असे सहा वेळा करावे. नवव्या व दहाव्या आठवड्यात ३ मिनिटे धावणे व २ मिनिटे चालणे, असे पाच वेळा. तर शेवटच्या दोन आठवड्यांत ५ मिनिटे धावणे व १ मिनिट चालणे, असे चार वेळा करावे. अशा रीतीने धावण्याचा एकूण काळ ८ मिनिटांवरून २० मिनिटांवर येतो. एखादा टप्पा जड गेल्यास तो आणखी एक आठवडा चालू ठेवण्यात कमीपणा नाही. पावले लहान व हलकी असावीत. शक्यतो मातीच्या सपाट मैदानावर आणि बेताच्या झिजलेल्या नव्हे, तर सुस्थितीतील बुटांनी धावावे.

दुखण्याचे मोजमाप

रुपयातील आण्यांचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. असह्य वेदना म्हणजे सोळा आणे मानले, तर चार आण्यांपर्यंतचे दुखणे घेऊन सराव चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र चाल बिघडता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले नसावे. चार ते आठ आण्यांच्या दरम्यान असल्यास त्या दिवशी धावू नये, केवळ चालावे. त्याहून अधिक असल्यास विश्रांती घ्यावी.

दोन्ही पायांच्या स्नायूंत सारखेच पसरलेले, हालचालीने मोकळे होणारे दुखणे सामान्यतः निरुपद्रवी असते. त्यावर हलके चालणे, पुरेशी झोप, डाळी-कडधान्ये, दूध, अंडी यांचा आहारात समावेश आणि सोसवेल असा शेक एवढे उपाय पुरतात. हलक्या हाताने मालीश केल्यासही आराम पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र घातक आहे. तिच्यामुळे धोक्याची सूचना दबते आणि अंगातील पाणी कमी झालेले असल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो.

नडगीच्या हाडावर बोटाने दाखविता येईल अशा एकाच जागी होणारी वेदना, सांध्याची सूज, लंगडणे किंवा रात्री विश्रांतीतही राहणारे दुखणे ही वेगळी लक्षणे आहेत. हाडाला बारीक चीर पडण्याची शक्यता असल्याने अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एकच पोटरी सुजून गरम झाल्यास, किंवा अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, भोवळ किंवा अवाजवी धाप जाणवल्यास तत्काळ थांबून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणारांनी आरंभापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

गावाची जबाबदारी

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांना प्राण गमवावे लागले. कडक उन्हात आणि दमट हवेत, अपुऱ्या तयारीनिशी धावणे किती धोक्याचे असते, याची जाणीव प्रत्येक मार्गदर्शकाने ठेवली पाहिजे. जाहिरात निघाल्यावर महिनाभरात तयारी उरकण्याची घाई करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी वेळीच सावध करावे आणि वर्षभर थोडाथोडा सराव करण्याची सवय लावावी.

ग्रामपंचायतींनाही यात बरेच काही करता येण्यासारखे आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेने खडे वेचून, मुरूम दाबून एक धावपट्टी तयार केली, तेथे दिव्याची व पिण्याच्या पाण्याची सोय केली, तर तरुणांना वाहनांच्या रस्त्यावर धावावे लागणार नाही. अंधारामुळे घरी राहणाऱ्या मुलींना आणि मोकळ्या जागेअभावी चालणे सोडून दिलेल्या ज्येष्ठांनाही तिचा लाभ होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम सुचविला आहे. झपझप चालण्यानेही ही गरज भागते. म्हणून ज्याला धावणे मानवत नाही, त्याने चालण्यातच समाधान मानावे. ज्याला धावायचे आहे, त्याने मात्र पायांना पुरेसा अवधी द्यावा. आज दोन मिनिटे कमी धावणारा माणूस पुढील वर्षीही मैदानावर दिसतो, हेच या सरावाचे खरे फलित होय.