सुरीफेक : नवशिक्याने सुरा कसा निवडावा?

‘सुरा’ हा शब्द ऐकताच मनात प्रथम भीती येते आणि ती येणे योग्यच आहे. ती भीती घालवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. भालाफेक, थाळीफेक हे जसे खेळ आहेत, तसाच लाकडाच्या ओंडक्यावर सुरा फेकून रोवणे हाही एक खेळ आहे आणि युरोप-अमेरिकेत त्याच्या रीतसर स्पर्धा भरतात. या खेळात पहिली परीक्षा हाताची नसून साधनाच्या निवडीची असते. त्या परीक्षेत मी नापास झालो होतो, म्हणूनच दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

हत्यार फेकण्याची कला आपल्या मातीला परकी नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभी केली, ती एका मराठी माणसानेच. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत ‘विटा’ नावाचे शस्त्र आहे. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचे दुसरे टोक मनगटाशी असल्यामुळे फेकलेला भाला ओढून परत घेता येतो. याउलट कट्यार, बिचवा, जांबिया ही हातात धरून लढण्याची हत्यारे. फेकायचे वेगळे आणि धरायचे वेगळे, हा भेद जुन्या लोकांना पक्का ठाऊक होता. मला मात्र तो ठाऊक नव्हता.

सुरीफेक मी प्रथम यवतमाळला सर्कशीत पाहिली. तेव्हा मी आठवीत होतो. पुढे अकरावीत असताना एका यात्रेतून चकचकीत सुऱ्यांचा जोड विकत आणला. काळी प्लास्टिकची मूठ, पात्यावर कोरलेला नाग, मधोमध शोभेची तीन भोके आणि वस्तऱ्यासारखी धार! आर्णी तालुक्यातील आमच्या गावी गोठ्यामागे बाभळीचे एक जुने, वाळून खडक झालेले खोड होते. त्यावर मी नेम धरू लागलो. धाकटा भाऊ दहा वर्षांचा. तो चार-पाच हातांवर बाजूला उभा राहून मोजत होता. सातव्या की आठव्या फेकीला सुरा आडवा आदळला, भोकापाशी मोडला आणि त्याचे टोक उडून भावाच्या भुवईत शिरले. तीन टाके पडले. “आणखी बोटभर खाली असते तर डोळा गेला असता,” असे डॉक्टर म्हणाले. त्या रात्री आई जेवली नाही. वडिलांनी मला मारले नाही. ते फक्त एवढेच म्हणाले, “त्याचा डोळा वाचला, हे तुहं नशीब नोय, त्याचं होय.”

दीड वर्ष मी सुऱ्याला हात लावला नाही. महाविद्यालयात आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या सरांना हा प्रकार सांगितला. त्यांचे शिक्षण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेले. १९१४ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. सरांनी मोडलेला तुकडा मागवला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “अरे, ही फेकायची वस्तूच नव्हे. ही काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू!” त्यानंतर त्यांच्याकडून आणि गावच्या लोहारकाकांकडून जे शिकलो, ते क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट धारेची. फेकण्याच्या सुऱ्याला धार नकोच. लाकडात शिरते ते टोक. धारेचे तेथे काहीच काम नसते. शिवाय पुष्कळदा सुरा पात्याकडून धरून फेकावा लागतो. धार असेल तर प्रथम आपलीच बोटे कापली जातात. टोक मात्र हवे, पण सुईसारखे बारीक नव्हे. बारीक टोक पहिल्या चुकीच्या फेकीतच वाकते किंवा तुटते.

दुसरी गोष्ट वजन आणि लांबीची. नवशिक्याला वाटते की हलका सुरा फेकायला सोपा. वस्तुतः उलट आहे. हलका सुरा मनगटाच्या लहानशा झटक्यानेही हवेत भराभर फिरतो. लांब व जड सुरा सावकाश फिरतो आणि आपली चूक पुष्कळशी पोटात घालतो. साधारण ३० सेंटिमीटर लांबी आणि २५० ग्रॅमच्या आसपास वजन नवशिक्याला मानवते. जाडी ४ ते ५ मिलिमीटर असावी.

तिसरी गोष्ट तोलाची. सुरा एका बोटावर आडवा ठेवून पाहावा. तो मध्यावर तोलला गेला तर मुठीकडून फेका की पात्याकडून, त्याच्या फिरण्यात फारसा फरक पडत नाही. सुरुवातीला असाच सुरा बरा. मुठीकडून धरून सरळ फेकल्यास तो एक पूर्ण फेरी घेऊन सुमारे ३ मीटरवर टोकाने लागतो. पात्याकडून धरल्यास अर्ध्या फेरीला सुमारे २ मीटर पुरतात. ही मापे प्रत्येकाच्या हाताप्रमाणे थोडी बदलतात. सुऱ्याचे बूड लाकडावर आपटू लागले तर जोर वाढवू नये. अर्धे पाऊल पुढे किंवा मागे सरकून पाहावे.

चौथी गोष्ट घडणीची. सुरा एकाच अखंड पोलादी पट्टीचा असावा. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ, खिळे, शोभेची भोके ही सारी मोडण्याची ठिकाणे आहेत. माझा सुरा मोडला तो भोकापाशीच.

पाचवी गोष्ट पोलादाच्या पाण्याची. ही मला लोहारकाकांनी समजावली. जुन्या जीपच्या कमानीचा पाटा भट्टीत घालताना ते म्हणाले, “बापू, विळ्याले कडक पानी लागते, त्याची धार टिकली पायजे. तुह्या सुऱ्याले मार खायचा हाये. त्याले कडक पानी देलं तं तो काचेवानी फुटन.” पोलाद तापवून तेलात बुडवले की ते कडक पण ठिसूळ होते. मग पुन्हा मंद तापवून त्यावर निळी झाक आली की त्याचा ठिसूळपणा जातो आणि लवचीकपणा येतो. मोटारीच्या कमानीत हाच गुण असतो. विकत घेताना हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे, की हा फेकण्यासाठी बनवला आहे का? तो गडबडला तर पैसे खिशातच ठेवावेत. टोक थोडे वाकले तर ते सरळ करता येते. उडालेला तुकडा मात्र परत बोलावता येत नाही.

सहावी गोष्ट, सुरे तीन घ्यावेत आणि तिन्ही सारखे. दर सुऱ्याचे वजन निराळे असेल तर चूक हाताची की सुऱ्याची हे कळत नाही. लोहारकाकांचे तीन सुरे मी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. एक जास्त भरला, तो त्यांनी घासून दिला.

सुऱ्याइतकेच महत्त्व लाकडाला आहे. बाभूळ, साग, तिवस ही लाकडे यासाठी कामाची नाहीत. त्यांवरून सुरा उलटून येतो. काटेसावरीसारख्या मऊ लाकडाची आडवी कापलेली जाड चकती घ्यावी, म्हणजे टोक लाकडाच्या रेषांमध्ये शिरते. आदल्या रात्री तिच्यावर पाणी शिंपडावे. मागे मातीची भिंत किंवा बांध असावा. पायांत बूट असावेत. पाहणारे फेकणाऱ्याच्या पुष्कळ मागे उभे असावेत, बाजूला कधीही नव्हे. तिन्ही सुरे फेकून झाल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. सुऱ्यावर आलेल्या खरखरीत कडा दर खेपेला कानशीने घासाव्यात, नाहीतर त्या तळहात फाडतात.

आणखी एक गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांत घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामाची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे निराळ्या वर्गात घातली आहेत. आपले पाते त्या मापांच्या आत ठेवावे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सार्वजनिक जागी हत्यार बाळगण्यास वेळोवेळी मनाई केली जाते. म्हणून सुरा खिशात घालून मिरवू नये. घर ते सरावाची जागा एवढाच त्याचा प्रवास असावा, तोही थैलीत बांधून. मित्रांत रुबाब दाखवण्यासाठी ज्याला सुरा हवा आहे, त्याने हा खेळ शिकूच नये.

नवे सुरे घेऊन घरी गेलो, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी लोहारकाकांची थैली उचलली आणि धाकट्याच्या हाती दिली. “हे याच्यापाशी राहीन. तुले पायजे तं याले माग.” तेव्हापासून थैली त्याच्याच पेटीत असते. दर रविवारी मी मागतो. तो आधी काटेसावरीच्या चकतीला भेग गेली आहे का ते पाहतो, माझे बूट पाहतो, आपण माझ्या मागे दहा पावले जाऊन उभा राहतो आणि मगच “फेक” म्हणतो. त्याच्या भुवईवर तीन टाक्यांची पांढरी रेघ आहे. तिच्याकडे एकदा पाहिल्याशिवाय मी अजूनही पहिला सुरा फेकीत नाही.