कर्जाची फाईल लावण्याआधी आपला सातबारा नीट वाचा

मागच्या व्हिडिओखाली मुरबाडकडच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न टाकला होता, "सर, सातबारा ऑनलाइन आहे, मग बँक परत का पाठवते?" व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पोल्ट्री शेड असो, नर्सरी असो की रस्त्यालगतचं गोडाऊन, आपल्याकडे धंद्याची सुरुवात बहुतेक वेळा घरच्या जमिनीवरच होते. त्यामुळे हा विषय फक्त शेतकऱ्यांचा नाही.

आधी साधी गोष्ट. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. त्याची प्रिंट बँक घेत नाही आणि त्यात बँकेचं काही चुकत नाही. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. एका उताऱ्याला 15 रुपये लागतात. त्याच्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी अजून तलाठीच). खाली पडताळणी क्रमांक असतो, तो साइटवर टाकला की उतारा खरा की खोटा ते कळतं. आठ अ सुद्धा असाच काढता येतो. माझ्या दुकानात दिवसातून एखादा तरी गिऱ्हाईक फुकटची प्रिंट लॅमिनेट करायला घेऊन येतो. लॅमिनेशनचे पैसे मला मिळतात, पण त्याचं काम होत नाही.

आता खरी गोम. कॉम्प्युटरवर सातबारा चढवताना हाताने लिहिलेल्या वह्यांवरून माहिती टाइप झाली. अक्षर खराब, कागद जुना, गट नंबरांची रांग मोठी. कुठे नाव बदललं, कुठे क्षेत्र. आणि छापून आलेलं, वर स्वाक्षरी असलेलं काही दिसलं की आपण ते वाचतच नाही. डिजिटल स्वाक्षरी एवढंच सांगते की हा उतारा सरकारी नोंदीतूनच आलाय. मूळ नोंद बरोबर आहे की नाही, हे ती सांगत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. गोडाऊनसाठी कर्ज काढायचं होतं. घरची जमीन 0.42 हेक्टर, म्हणजे 42 आर. उताऱ्यावर होतं 0.24. दोन आकडे उलटे झाले आणि जवळजवळ 18 गुंठे कागदावरून गायब! बीबीए केलेला मी, दुसऱ्यांच्या फायली तपासून देणारा, घरचा उतारा मात्र कधी नीट पाहिला नव्हता. बँकेच्या माणसाने दाखवलं तेव्हा कळलं.

अशी टायपिंगची चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली दुरुस्त होते. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. पण "आमची जमीन 42 आरच आहे" असं नुसतं सांगून भागत नाही, जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफार जोडावा लागतो. आमच्याकडे होती ती झेरॉक्स, तीसुद्धा पुसट. शेवटी अभिलेख कक्षातून नक्कल काढली. चौकशी, अहवाल, आदेश, मग फेरफार, यात अख्खा पावसाळा गेला. पत्र्याचं जुनं कोटेशन तोपर्यंत बाद झालं आणि वाढलेला खर्च माझ्या खिशातून गेला.

म्हणून बँकेत जायच्या आधी, शक्यतो दोन-तीन महिने आधी, एक दिवस काढा. नवा उतारा आणि घरातल्या ट्रंकेतला जुना उतारा शेजारी ठेवा. नाव, गट नंबर, क्षेत्र आणि इतर हक्काचा रकाना बोट ठेवून वाचा. इतर हक्कात आजोबांच्या वेळचा सोसायटीचा बोजा अजून दिसतो का बघा. कर्ज फिटलंय पण बोजा उतरवलेला नाही, अशा केसेस शहापूरला माझ्याकडे खूप येतात. वारस नोंद राहिली असेल किंवा बोजा कमी करायचा असेल, तर ई-हक्कवरून अर्ज करता येतो.

ट्रंकेतले कागद स्कॅन करून ठेवा, पण मूळ कागद फेकू नका. मोबाईलमधला फोटो हा फोटोच. डिजिलॉकरमध्येही सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला वेगळा आणि आपण अपलोड केलेली कॉपी वेगळी. पहिला मूळ कागदासारखा चालतो, दुसरी नाही.

जुना उतारा घरात सापडतच नसेल तर आधी नकलेचा अर्ज टाका. पुढच्या व्हिडिओत तो अर्ज भरून दाखवतो. तुमचा गट नंबर हाताशी ठेवून बसा, पण कमेंटमध्ये टाकू नका.