चालत्या वाहनातील ओटा आणि फडताळे

घरातील ओटा भिंतीस धरून एका जागी उभा असतो. निवासी मोटारगाडीतील, म्हणजे कॅराव्हॅनमधील, ओटा मात्र खड्ड्यांचे हादरे, वळणांचे झोके आणि ब्रेकचे धक्के सोसत प्रवास करीत असतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा वाहनातील स्वयंपाकघर कसे वापरावे व कसे राखावे, हे म्हणूनच समजून घेण्याजोगे आहे.

सामानाची मांडणी

गतिमान वस्तू आपली गती आपण होऊन सोडीत नाही. या गुणधर्मास जडत्व म्हणतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन कशावर आदळून एकाएकी थांबले, तर फळीवरील मोकळा तवा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. सुमारे ६ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूस जमिनीपाशी जो वेग येतो, तोच हा वेग होय. म्हणून तवा, खलबत्ता व धान्याचे डबे तळच्या खणांत ठेवावेत. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहून वळणावर वाहन कलंडण्याचा धोकाही कमी होतो. वरच्या फडताळांत पापडांसारखे हलके जिन्नस असावेत. प्रत्येक दारास खटका हवा. निघण्यापूर्वी ओटा पूर्ण मोकळा करावा.

स्वयंपाकाच्या वायूचे सिलिंडर उभे व पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. याकरिता सिलिंडरच्या कप्प्यास तळाशी बाहेर उघडणारे झरोके ठेवतात; सामानाने ते कधीही बुजवू नयेत. प्रवासात सिलिंडरची झडप बंद असावी.

ओट्याचा पत्रा

दगडी फरशी वाहनास जड होते आणि हादऱ्यांनी तडकते. पातळ पत्रा या कामी सोयीचा. बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर मार्गालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील लहानमोठ्या कारखान्यांत धातूचे पत्रे कापणे, वाकविणे व सांधणे ही कामे चालतात. या कामामागील तत्त्व साधे आहे. सपाट पत्रा हाताने सहज लवतो. त्याच्या कडा काटकोनात दुमडल्या की तोच पत्रा ताठ होतो. ओट्याची कड थोडी वर उचललेली असेल, तर सांडलेले पाणी व घरंगळणारी वाटी तेथेच अडते.

ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उत्तम प्रतीच्या अगंज पोलादात, म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये, सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठावर अतिशय पातळ, अदृश्य थर बनतो. ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने तो पुन्हा भरून येतो. मात्र मिठातील क्लोराइड या थरास भेदू शकते. लोणच्याचा खार ओट्यावर वारंवार साचू दिल्यास पत्र्यास बारीक खळगे पडतात. लोखंडी तारेच्या घासणीचे कण मागे राहून गंजतात, आणि डाग मात्र ओट्यावर उमटतात. मऊ फडके, साबण व पाणी पुरेसे आहे. धुतल्यावर पृष्ठ कोरडे पुसावे. हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर बिजागऱ्या व खटके तपासून ते आवळावेत.

एक प्रयोग

खेळण्यातील गाडीच्या सपाट टपावर नाणे ठेवून ती जाड पुस्तकावर आदळू द्यावी. गाडी थांबते, नाणे पुढे उडते. आता टपाच्या पुढील कडेस पुठ्ठ्याची उभी पट्टी चिकटवून प्रयोग पुन्हा करावा. या वेळी नाणे टपावरच अडते. ओट्याच्या उंच कडेचे आणि फडताळाच्या खटक्याचे कार्य हेच आहे.