चौक मधोमध, चर्च कोपऱ्यात

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे फ्रान्सला गेलो होतो. त्याने आम्हाला नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात आठवडाभर फिरवलं. मध्ययुगीन गाव म्हणजे किल्ल्याला नाहीतर चर्चला बिलगलेली घरं आणि वाकडेतिकडे बोळ, अशी माझी समजूत. पण माँपाझिए, विलरेआल, बोमाँ ही गावं पाहिली तर सगळ्यांचा साचा एकच. मधोमध चौकोनी चौक, त्याच्याभोवती कमानी, काटकोनात छेदणारे सरळ रस्ते. चर्च मात्र चौकाबाहेर, कोपऱ्यात. शिवाय दोन घरांच्या मध्ये एक अरुंद फट, त्यात माणूस धड शिरूही शकत नाही. सामाईक भिंत घातली असती तर दगड आणि मजुरी दोन्ही वाचलं असतं. हे असं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची नजर नेमकी जिथे जायला हवी तिथे गेली. ही गावं आपोआप वाढत गेलेली नाहीत. जमीन मोजून, दोरी लावून, करार करून ती वसवलेली आहेत. त्यांना 'बास्तीद' म्हणतात. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत 'बास्तीर' म्हणजे बांधणं, त्यावरून हा शब्द आला. पॅरिसच्या ज्या बास्तीय तुरुंगावर १७८९ मध्ये लोक चालून गेले, त्याच्या नावाचं मूळही हेच. त्यामुळे बास्तीद म्हटलं की तटबंदी डोळ्यांपुढे येते. पण यातल्या कितीतरी गावांना सुरुवातीला तट नव्हताच. तो पुढे लढायांच्या धास्तीने बांधला गेला. १२२२ पासून पुढची दीडशे वर्षं धरली, तर त्या काळात नैर्ऋत्य फ्रान्समध्ये अशी तीनशेहून जास्त गावं उभी राहिली.

एकाच प्रदेशात एवढी गावं का, हे समजायला त्या वेळचं राजकारण थोडं बघावं लागतं. १२०९ ते १२२९ या काळात पोपच्या आशीर्वादाने उत्तरेकडचे सरदार तुलूझच्या परगण्यावर चालून आले. निमित्त होतं काथार पंथाच्या लोकांना पाखंडी ठरवून मोडून काढण्याचं. गावं जळाली, माणसं परागंदा झाली. याच धुमाळीत, १२२२ मध्ये, तुलूझचा सरदार सातवा रेमाँ याने टेकडीवर कोर्द वसवलं. पुढे त्याची जहागीर त्याचा जावई अल्फाँस द प्वातिए याच्याकडे गेली. हा अल्फाँस फ्रान्सचा राजा नववा लुई याचा सख्खा भाऊ. त्याने तर नव्या गावांचा धडाकाच लावला. मोंफ्लांकँ, विलफ्राँश द रुएर्ग ही त्याचीच. पश्चिमेकडे मात्र मुलूख इंग्लंडच्या राजाचा. ११५२ मध्ये या मुलखाची वारस आक्वितेनची एलेनॉर हेन्रीशी लग्न करून गेली, आणि तो दुसरा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला तेव्हापासून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. तुम्ही पाहिलेलं माँपाझिए १२८४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वसवलेलं आहे. आजूबाजूच्या टेकड्यांवर फ्रेंच राजाची आणि इंग्रज राजाची गावं एकमेकांसमोर उभी आहेत, आणि साचा दोघांचा एकच. कारण गरजही एकच होती. जमीन भरपूर, जंगल भरपूर, कसणारा माणूस नाही. माणूस नाही म्हणजे सारा नाही, बाजार नाही, जकात नाही.

मग गाव वसवायचं कसं? आधी भागीदारीचा करार होई. जमीन एखाद्या मठाची नाहीतर स्थानिक सरदाराची, आणि राजाचं पाठबळ. उत्पन्नात दोघांचा वाटा. माँपाझिएच्या बाबतीत जमीनवाला भागीदार होता शेजारच्या बिराँचा सरदार. करार झाला की जागेवर एक उंच खांब रोवत, त्यावर राजाचं चिन्ह लावत आणि आसपासच्या मुलखात दवंडी पिटत : इथे गाव वसतंय, यायचं त्याने यावं.

आणि लोकांनी यावं म्हणून त्यांना लेखी वचन मिळे. आपल्याकडे उजाड जमीन लागवडीला आणायची किंवा नवी पेठ बसवायची तर कौल देत, काही वर्षं सारा माफ करत किंवा हलका ठेवत. बास्तीदची सनद वाचताना मला दर वेळी तो कौलच आठवतो. या सनदांमध्ये साधारणपणे असं असे : तुमच्यावर मनमानी कर बसणार नाही. जमीन तुम्ही विकू शकाल, मृत्युपत्र करू शकाल, मुलीचं लग्न तुमच्या मर्जीने लावू शकाल. गावचा कारभार बघायला राजाच्या अधिकाऱ्याबरोबर गावातलेच पंच असतील, त्यांना कॉन्सल म्हणत. बऱ्याच ठिकाणी एक वर्ष आणि एक दिवस गावात राहिलं की वेठबिगार कुळही मोकळं समजलं जाई. बदल्यात ठरल्या मुदतीत घर बांधायचं. आपल्या मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळाच्या कानावर हे पडलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार करून बघा. त्या खांबाजवळ उभं राहणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी लिहून देत होतं.

नावंही लोकांना ओढून घेणारी ठेवली. विलफ्राँश म्हणजे मोकळं गाव, विलनव्ह म्हणजे नवं गाव. तुलूझचा सेनेशल (म्हणजे राजाचा सुभेदार) यूस्ताश द बोमार्शे याला तर दूरदूरच्या बड्या शहरांची नावं द्यायची हौस होती. त्याच्या काळातल्या गावांत ग्रनाद आहे, पावी आहे, कोलोन्य आहे, फ्लरांस आहे. म्हणजे स्पेनचं ग्रानादा, इटलीचं पाविया, जर्मनीचं कलोन आणि पुन्हा इटलीचं फ्लोरेन्स. चिखलात उभ्या असलेल्या नव्या घरांना ही नावं देताना त्याच्या मनात काय मोठं स्वप्न असेल!

आता तुमच्या आखणीकडे येतो. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला घरासाठी तुकडा मिळे, भाजीपाल्यासाठी बागेचा तुकडा मिळे आणि गावाबाहेर शेत. घराच्या तुकड्याला 'आय्राल', बागेच्या तुकड्याला 'काझाल' म्हणत. घराचे तुकडे सारख्या मापाचे. सगळ्यांना सारखं द्यायचं म्हटलं की रस्ते आपोआप सरळ होतात, कोपरे काटकोनात येतात. माँपाझिए साधारण ४०० मीटर लांब आणि २२० मीटर रुंद असा आयत आहे. मोठे रस्ते बैलगाडी जाईल एवढे, त्यांना 'कारेरा' म्हणत. घरांच्या मागून जाणारी गल्ली म्हणजे 'कारेरू'. तुम्ही पाहिलेला साचा म्हणजे जमिनीवर उतरवलेली सनदच आहे, असं मी म्हणेन.

चौक मधोमध आहे तो बाजारासाठी. गाव वसवणाऱ्याचं उत्पन्न तिथून यायचं आणि वसणाऱ्याचं पोटही तिथेच भरायचं. म्हणून चर्च शेजारच्या जागेत गेलं. श्रद्धा कमी होती असं नाही. बोमाँचं चर्च तर चार बुरुजांचं, गढीसारखं आहे, आणि अडचणीच्या वेळी लोक तिथे आसऱ्याला जात. पण गावाची नाभी बाजार. माँपाझिएच्या चौकात सोळाव्या शतकातली लाकडी छपराची मंडई अजून उभी आहे, आणि तिच्यात धान्य मोजायची जुनी मापं ठेवलेली आहेत. सगळ्यांनी याच मापाने मोजायचं, म्हणजे विकणाऱ्याला लबाडी करता येऊ नये आणि घेणाऱ्याला शंका राहू नये. त्या मापांसमोर मी बराच वेळ उभा होतो. लाकडाच्या खांबांमधून दुपारची तिरपी उन्हं येत होती, भोवतीच्या कमानींखाली सावली होती, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या बाजाराचा गलका कल्पनेने ऐकायला फारसे कष्ट पडले नाहीत.

त्या कमानींना 'कोर्निएर' म्हणतात. खालची वाट सगळ्यांची, वरची खोली घरमालकाची. घराला वर जागा मिळाली, बाजारकरूला उन्हापावसात आडोसा मिळाला. नीट पाहिलंत तर प्रत्येक घराची कमान निराळी दिसेल. एक गोल, पुढची टोकदार, कुठे रुंद, कुठे आखूड. जमिनीचं माप सगळ्यांना सारखं, कमान ज्याची त्याने आपल्या ऐपतीने आणि आवडीने बांधलेली. मला या गावांत सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आणि ती फट! तिला 'आंद्रोन' म्हणतात. तुम्ही विचारलंत की सामाईक भिंत का घातली नाही. नेमकी तीच टाळायची होती. भिंत एकाची की दोघांची, दुरुस्ती कोणी करायची, पाणी कोणाच्या अंगावर पडतंय, या भांडणांना जागाच ठेवली नाही. प्रत्येकाची भिंत त्याची स्वतःची. दुसरं कारण आगीचं. लाकूड आणि मातीच्या घरांना एकदा आग लागली की अख्खी ओळ जाते. वीत-दीड वीत मोकळी जागा असली तर आग पसरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात लोक धावून येतात. तिसरं कारण सांडपाण्याचं. छपराचं पागोळ्यांचं पाणी, मोरीचं पाणी, संडासाची घाण, सगळं या फटीतून वाहून जाई. त्यातून त्या काळी किती दुर्गंधी येत असेल हे वेगळं सांगायला नको. पण गाव आखतानाच सांडपाणी कुठून जाईल हे कुणीतरी ठरवलं होतं, आणि तेही तेराव्या शतकात, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

सगळीच गावं फळाला आली असं नाही. माँपाझिएपासून जवळच मोलिएर नावाचं गाव आहे, तेही इंग्रजांनीच आखलेलं, पण ते पुरतं भरलंच नाही. १३३७ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं शतवार्षिक युद्ध पेटलं, १३४८ मध्ये प्लेग आला, आणि नवी गावं वसवायला माणसंच उरली नाहीत. पुढे मोठा व्यापार आणि रेल्वे या टेकड्यांना बाजूला ठेवून गेले. त्या वेळच्या गावकऱ्यांच्या नशिबी त्यातून गरिबी आणि स्थलांतर आलं, आणि आपल्याला आज जुनं गाव जसंच्या तसं बघायला मिळतं तेही त्याचमुळे. मग कायद्यानेही साथ दिली. फ्रान्समध्ये १९१३ साली ऐतिहासिक वास्तूंचा कायदा झाला, आणि १९४३ पासून संरक्षित वास्तूच्या ५०० मीटरच्या टापूत खिडकी बदलायची तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाचं मत घ्यावं लागतं. तिथल्या रहिवाशाला याचा जाच होतो, हे खरं. पण कमानींवर प्लास्टिकच्या पाट्या दिसत नाहीत, तेही यामुळेच.

प्रश्न : पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत, आणखी काय पाहावं?

उत्तर : बास्तीदच्या आधीची गावं पाहा, म्हणजे फरक हाताला लागेल. तुलूझच्या आग्नेयेकडे ब्राम नावाचं गाव चर्चभोवती गोल गोल वर्तुळांत वाढलेलं आहे. तिथे चालताना रस्ता तुम्हाला सतत वळवत राहतो. मग मिरप्वाला जा. जुनं मिरप्वा १२८९ च्या पुरात वाहून गेलं आणि नदीच्या दुसऱ्या तीरावर नव्याने आखून वसवलं. तिथल्या चौकातल्या एका घराच्या तुळयांच्या टोकांवर माणसांची, प्राण्यांची, राक्षसांची तोंडं कोरलेली आहेत. ती ओट्यावरून मान वर करून एकेक करून बघायची. तुलूझजवळच्या ग्रनादमधली मंडई चुकवू नका, तिला विटांचे ३६ अष्टकोनी खांब आहेत.

गाडी लागेलच, एसटीसारखी गावोगाव जाणारी सोय तिथे फारशी नाही. आणि एक आठवणीने सांगतो : माँपाझिएला पुन्हा जाणार असाल तर गुरुवारी सकाळी जा. त्या दिवशी चौकात आठवड्याचा बाजार भरतो. जर्दाळू, चीज, अक्रोडाचं तेल, मांडवाखाली गर्दी. मापं अजून मंडईतच आहेत.