ऑनलाइन हळद विकून हातात किती उरतं?
उदाहरण धरा, 1 किलो हळद पावडर ऑनलाइन 330 रुपयांना (जीएसटी सोडून) गेली. कमिशन 33, क्लोजिंग फी 17, कुरिअर 70, असे 120 कापले. त्यावर 18% जीएसटी 21.60. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी कापलं जातंच. राहिले 188.40. त्यातून हळकुंड 140, दळण व घट 18, पाकीट-खोका 12 वजा करा. घरचं हळकुंड फुकट धरू नका, बाजारात त्याचे पैसे आलेच असते. उरले फक्त 18.40!
पार्सल परत आलं तर जाता-येता कुरिअरचे 140 अंगावर पडू शकतात, म्हणजे सात-आठ पार्सलांचा नफा गेला.
कुरिअरचा दर वजनाच्या टप्प्यावर असतो. 2 किलोचा पॅक धरून हाच हिशोब करून बघा. प्रत्येक साइटचे दर वेगळे, तुमचेच आकडे टाका.